1/16 टायगर: काही महिने धावल्यावर रंग कुठे टिकला, कुठे उडाला

टायगर 1 या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याचं 1/16 मापाचं, रेडिओवर चालणारं मॉडेल मी जोडलं, रंगवलं, आणि गेले बरेच महिने ते मातीत नियमित चालवतोय. कपाटात ठेवायच्या मॉडेलचं वेदरिंग (धूळ, गंज, झीज दाखवणारं रंगकाम) आणि धावणाऱ्या मॉडेलचं वेदरिंग ही दोन निराळी कामं आहेत, असं माझं आता ठाम मत आहे. स्थिर मॉडेलवर शोभणाऱ्या कितीतरी युक्त्या पहिल्याच फेरीत झडून जातात. उलट काही गोष्टी मॉडेल स्वतःच इतक्या सुंदर करून देतं, की तिथे ब्रश लावूच नये.

आधी आकाराबद्दल. खरा टायगर सुमारे 57 टनांचा. लांबी 16 पटीने घटली की वजन 16 च्या घनाने, म्हणजे 4096 पटीने घटतं. त्या हिशेबाने मॉडेल जवळजवळ 14 किलोचं हवं. प्रत्यक्षात धातूच्या ट्रॅकसकट (चाकांवरून फिरणाऱ्या साखळीपट्ट्यांसकट) माझं मॉडेल पाच किलोंच्या आत आहे. नवीन मॉडेल दगडावरून टुणकन उडतं ते यामुळेच. वेगाचंही तसंच. रस्त्यावर ताशी 38 किलोमीटर धरले तर मॉडेलचा वेग ताशी अडीच किलोमीटरसुद्धा होत नाही, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. ट्रान्समीटरवर थ्रॉटलची कमाल मर्यादा खाली आणली आणि वेग हळूहळू वाढेल अशी सेटिंग ठेवली, तेव्हा कुठे ते खेळणं वाटेनासं झालं. नुसतं एवढं केलं तरी कुठल्याही वेदरिंगपेक्षा जास्त फरक पडतो. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूजही सावकाश फिरवा. खऱ्या टायगरच्या टरेटला पूर्ण फेरीसाठी साधारण एक मिनिट लागायचं.

जोडणीबद्दल थोडक्यात. गिअरबॉक्स आणि टॉर्शन बारचं (पिळल्या जाणाऱ्या दांड्यांचं) सस्पेन्शन ही या किटची जमेची बाजू. खऱ्या गाडीसारखेच दर बाजूला चाकं धरणारे आठ आर्म, आणि दोन्ही बाजूंचे आर्म एकमेकांच्या उलट दिशेने तोंड केलेले. त्यामुळे डावी-उजवी बाजू एकमेकींचं तंतोतंत प्रतिबिंब नसते, याकडे जोडताना लक्ष ठेवावं. प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू एकदा अर्धे फिरवून बाहेर काढायचे आणि मग पूर्ण आवळायचे, म्हणजे आटे नीट बसतात. पुढे मॉडेल अनेकदा उघडावं लागतं. धातूला धातू लागतो तिथे थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा द्रव), प्लॅस्टिकला मात्र तो अजिबात लावू नये. गाडी ओढायच्या टोइंग केबलसाठी किटमध्ये दिलेला दोरा तंतू सुटलेला दिसतो. मी त्याऐवजी पीळ दिलेली बारीक स्टीलची तार वापरली. हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) डाव्या बाजूची, ट्रॅक चढवायला वापरत ती बारीक केबलही तशीच केली.

आता ट्रॅक. या मॉडेलचा जीव तिथे आहे. टायगरला वरचे रिटर्न रोलर (ट्रॅकचा वरचा पट्टा तोलणारी छोटी चाकं) नाहीत. वरचा पट्टा थेट चाकांवर पडलेला असतो आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) मागे तो किंचित झुकतो. हा झोल प्लॅस्टिकच्या हलक्या ट्रॅकला येत नाही, धातूच्या ट्रॅकला वजनामुळे आपोआप येतो. मागचं आयडलर चाक पुढेमागे करून तो हवा तेवढा ठेवता येतो. फार ढिला ठेवला तर जागच्या जागी वळताना ट्रॅक उतरतो. आणि टायगर जागच्या जागी वळू शकायचा, म्हणून तो मोह आवरत नाही.

धातूचे ट्रॅक रंगवू नका. खरंच नका. कितीही चांगला रंग असला तरी सांध्यातून पापुद्रे निघतात आणि ते स्प्रॉकेटच्या दातांत जाऊन बसतात. मी ट्रॅक ॲसिटोनमध्ये धुऊन त्यावरचा तेलकटपणा काढला, मग झिंक मिश्रधातूवर चालणाऱ्या ब्लॅकनिंग द्रावणात बुडवले आणि भरपूर पाण्याने धुतले. काळसर तपकिरी झाक आली, ती धातूचीच, त्यामुळे तिचे पोपडे निघत नाहीत. त्यावर मातीच्या रंगाचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), बस. बरेचजण ट्रॅकवर नारिंगी गंज चढवतात. टायगरचे ट्रॅक मँगनीजयुक्त पोलादाचे ओतीव होते. रोज चालणाऱ्या गाडीवर ते गडद तपकिरी दिसतात आणि जमिनीला टेकणाऱ्या कडा चकचकीत असतात. ती चकाकी आणायला चंदेरी रंग नको. काही फेऱ्यांत जमीनच त्या कडा घासून उजळते, आणि त्या नेमक्या जिथे उजळायला हव्यात तिथेच उजळतात. स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजू, ट्रॅकचे मधले मार्गदर्शक दात, सगळीकडे तोच प्रकार. महिन्याभराने मॉडेल उलटं करून ते पाहिलं तेव्हा फार आनंद झाला.

ट्रॅकच्या कड्या जोडणाऱ्या पिनांवर मात्र लक्ष हवं. त्या हळूहळू बाहेर सरकतात. टी-34 या सोव्हिएत रणगाड्याच्या पिना अशाच आतल्या बाजूला सरकायच्या आणि हलवर बसवलेली तिरकी पट्टी त्यांना दर फेरीला ठोकून परत आत घालायची. इतका साधा उपाय क्वचित पाहायला मिळतो. टायगरच्या मॉडेलवर तशी सोय नाही. पिनांच्या टोकांवर इन्स्टंट ग्लूचा एक एक थेंब पुरतो.

मी निवडलेली आवृत्ती 1943 च्या अखेरची, रबरी धावांच्या चाकांची, झिमेरिट नावाचा लेप लावलेली. चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांना हा लेप दिला जायचा. त्यात बेरियम सल्फेट, लाकडाचा भुसा आणि पिवळी माती असायची. मूळ थर काही मिलिमीटरचा, म्हणजे 1/16 मध्ये अर्धा मिलिमीटरही नाही. बाजारातल्या तयार झिमेरिट पट्ट्या बऱ्याचदा यापेक्षा जाड असतात. मी प्लॅस्टिक पॉलिश पेपरने खरवडून दोन भागांच्या इपॉक्सी पुटीचा पातळ थर दिला आणि ती ओली असतानाच दातेरी पट्टीने आडव्या वळ्या उमटवल्या. काम कंटाळवाणं आहे, पण पृष्ठभाग खरवडला असेल तर लेप हादऱ्यांनी सुटत नाही. काही ठिकाणी मी तो मुद्दाम उडवला: फेंडरच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या) वर, जिथे सैनिक पाय देऊन चढत, आणि टो हुकांच्या आसपास. तुटलेल्या कडेला लेपाचा मातकट पिवळा रंग दिसला पाहिजे आणि खाली अस्तराचा लाल. नुसता लाल डाग दाखवला तर लेपाला जाडी होती हे डोळ्यांना पटत नाही.

रंगाची सुरुवात रेड ऑक्साइडच्या अस्तराने, कारण खऱ्या गाडीवरही तेच होतं. त्यावर गडद पिवळा. हा रंग जर्मन सैन्यात फेब्रुवारी 1943 पासून पायाचा ठरला. तामिया कंपनीचा एक्सएफ-60 हा गडद पिवळा मी पांढरा आणि बफ (फिका मातकट) मिसळून बराच फिका केला. छोट्या वस्तूवर मूळ छटा नेहमीच जड वाटते. त्यावर लपण्यासाठी काढायच्या पट्ट्यांसाठी हिरव्या आणि लाल-तपकिरी रंगाची पेस्ट तुकड्यांना डब्यांतून मिळायची आणि ती आघाडीवरच पातळ करून फवारली जायची. त्यामुळे पट्ट्यांच्या कडा एकसारख्या नसणं आणि रंग कुठे दाट, कुठे विरळ असणं हेच बरोबर. एअरब्रशने एका दमात सगळे पट्टे सारखे काढले तर गाडी नुकती कारखान्यातून आल्यासारखी दिसते.

रंग उडवायला हेअरस्प्रेची पद्धत (रंगाखाली हेअरस्प्रेचा थर देऊन वरचा रंग पाण्याने घासून काढायची) मी फक्त बाजूच्या फेंडरवर आणि टरेटमागच्या पेटीवर वापरली. ते पातळ पत्र्याचे भाग, वाकायचे, घासायचे, तिथे रंग उडणं स्वाभाविक. 100 मिलिमीटरच्या चिलखतावर टिकल्या टिकल्यांनी रंग उडालेला दाखवण्यात मला अर्थ दिसत नाही. धावणाऱ्या मॉडेलसाठी आणखी एक गोष्ट: हेअरस्प्रेचा थर पाण्यात विरघळतो. वर मॅट व्हार्निशचे दोन चांगले हात दिले नाहीत तर ओल्या गवतातून गेल्यावर रंग हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त उडेल.

वॉशबद्दल एक इशारा. इनॅमल वॉश आणि तो पातळ करायचं द्रावण ताणाखालच्या प्लॅस्टिकमध्ये मुरलं, तर तिथे बारीक भेगा पडून भाग तुटू शकतो. स्थिर मॉडेलमध्ये हे क्वचित जाणवतं. इथे मात्र सस्पेन्शनचे माउंट आणि स्क्रूच्या बैठका कायम ताणाखाली असतात. तिथे मी फक्त ॲक्रिलिक वॉश वापरला. वरच्या भागावर आधी ग्लॉस व्हार्निश, मग रिव्हेट आणि वेल्डिंगच्या सांध्यांभोवती इनॅमल, आणि ओघळ तैलरंगाचे. झिमेरिटच्या आडव्या वळ्यांवर पाणी सरळ खाली येत नाही, थांबत थांबत उतरतं. म्हणून ओघळही तुटक काढले. एक्झॉस्टच्या कवचांवर गंजाचे तीन-चार थर आणि तोंडाशी काजळी. या भागावर मी सर्वात जास्त वेळ घालवला आणि अजूनही तो मला सगळ्यात आवडतो.

चिखलाचं गणित वेगळं. कोरडी पिगमेंट (रंगाची पूड) नुसत्या फिक्सरने बसवली तर मोटारीच्या थरथरीने काही दिवसांत गळतात. मी ती ॲक्रिलिक मॅट मीडियममध्ये कालवून बाजूच्या चिलखतावर आणि आतल्या चाकांच्या तबकड्यांवर ठोकली. चाकांच्या कडा पूर्ण मोकळ्या ठेवल्या. टायगरची चाकं एकमेकांवर आलेली, मध्ये फट जेमतेम. खऱ्या गाडीत तिथे चिखल गोठून चाकं अडकायची, आणि मॉडेलमध्ये तो वाळून अडकतो. रबरी धावांना रंग लावलाच नाही, त्यांवर जमिनीची धूळ आपोआप चढते. सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट म्हणजे पिगमेंटची छटा मी जिथे मॉडेल चालवतो त्या मातीशी जुळवून घेतली. त्यामुळे नंतर चढलेली खरी धूळ आणि माझी लावलेली धूळ यांत फरक कळत नाही, आणि प्रत्येक फेरीनंतर मॉडेल धुवायची गरज पडत नाही. मऊ ब्रशने झटकलं की झालं.

इतक्या वापरानंतर रंग कुठे गेला? रणगाड्याच्या तर्काने जायला हवा तिथे थोडा, आणि माझ्या बोटांच्या तर्काने बराच जास्त. स्विच आणि बॅटरीसाठी वरचं हल ज्या कडांना धरून उचलतो, तिथे मॅट पोत तेलकट गुळगुळीत झालाय. अशा झिजेचं मूळ गाडीत काही कारण नाही. आता मी हल खालूनच उचलतो आणि त्या कडांवर मॅट व्हार्निश पुन्हा देतो. धूर सोडणाऱ्या यंत्राचा परिणामही अनपेक्षित: त्याच्या तेलाचा तवंग मागच्या डेकवर (इंजिनवरच्या सपाट भागावर) बसतो आणि तिथे मॅट पृष्ठभाग ओलसर चमकतो. इंजिनच्या झाकणांजवळ ते शोभतं, झिमेरिटवर नाही. तवंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका, ॲक्रिलिक रंग निघून येतो. साबणाचं कोमट पाणी आणि संयम.

यांत्रिक बाजू समाधानकारक आहे. गिअर अजून घट्ट, आवाज सारखा. तोफ डागल्यावर नळी मागे सरकते ती हालचाल आता थोडी अडखळते, नळीच्या मार्गावर ग्रीस बदलावं लागेल. कोरड्या बारीक वाळूत मी मॉडेल मुळीच नेत नाही; ती बेअरिंगांत शिरते. किंचित ओलसर माती उत्तम, उंच गवत वाईट, कारण त्याच्या काड्या स्प्रॉकेटभोवती गुंडाळल्या जातात.

पुढचं काम ठरलंय: हिवाळी पांढरा रंग, तोही झिजलेला, झिमेरिटच्या खाचांत उरलेला आणि वळ्यांच्या माथ्यावरून पुसलेला. त्यासाठी मागच्या डेकवरचा तवंग आधी पूर्ण निघायला हवा, कारण तेलावर ॲक्रिलिक धरत नाही. तोवर धूरयंत्राची वायर काढून ठेवली आहे.