प्रादेशिक विमान कंपनीतील एटीआर प्रशिक्षण: शेजारच्या आसनावरील वैमानिक घडवणारा अभ्यासक्रम

एका प्रादेशिक विमान कंपनीत को-पायलट म्हणून रुजू झाल्यावर एटीआर ७२-६०० या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप (प्रोपेलरच्या) विमानाचे जे प्राथमिक प्रशिक्षण मला मिळाले, त्याचे हे परीक्षण आहे. ग्राउंड स्कूल (जमिनीवरचा सैद्धांतिक अभ्यास), प्रोसीजर ट्रेनर (कार्यपद्धतींच्या सरावाचे कॉकपिट), फुल फ्लाइट सिम्युलेटर, चेक राइड (परीक्षकासमोरची चाचणी) आणि त्यानंतर प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग, हा क्रम बहुतेक कंपन्यांत असतो तसाच आहे. अभ्यासक्रम दमवणारा आहे आणि तो तसाच असायला हवा. मात्र मी त्याला चांगला म्हणतो ते केवळ त्याच्या अवघडपणामुळे नव्हे. त्या क्षणी विमान न उडवणाऱ्या वैमानिकाला, म्हणजे पायलट मॉनिटरिंगला, तो ज्या गांभीर्याने तयार करतो, ते मला इतरत्र फारसे दिसलेले नाही.

लहान विमानांवर एकट्याने तास भरून आलेल्या नवोदिताची सारी भिस्त स्वतःच्या हातांवर असते. सिम्युलेटरचे सत्र साधारणपणे चार तासांचे असते. अर्धा वेळ आपण उडवायचे आणि उरलेला अर्धा वेळ जोडीदाराला साथ द्यायची. आपली पाळी संपली की दुसरा अर्धा भाग म्हणजे विश्रांती, असे अनेकांना मनातून वाटत असते. येथे पहिल्याच सत्रापासून तो समज मोडून काढला जातो.

टेक-ऑफच्या वेळी व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर टेक-ऑफ सोडून देता येत नाही त्या वेगाला, इंजिन बंद पडण्याचा सराव हे याचे उत्तम उदाहरण आहे. विमान बंद पडलेल्या इंजिनाच्या दिशेला वळू लागते, उडवणारा रडर दाबून नाक सरळ ठेवतो आणि सर्वांचे लक्ष साहजिकच त्याच्या पायांकडे जाते. आमच्या इन्स्ट्रक्टरचे लक्ष मात्र शेजारच्या आसनाकडे असे. एटीआर सामान्य टेक-ऑफला ९० टक्के शक्ती वापरते. एक इंजिन गेले की यंत्रणा दुसऱ्याला आपोआप १०० टक्क्यांवर नेते, याला अपट्रिम म्हणतात, आणि गेलेल्या इंजिनाच्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला आडवी न राहता त्याच्या दिशेने वळवते, ते ऑटोफेदर. या दोन्ही गोष्टी झाल्या की नाही हे पाहून सांगणे मॉनिटरिंगचे काम असते. पुढे इंजिन बंद करायची वेळ आली की एकाने योग्य लिव्हरवर हात ठेवायचा आणि दुसऱ्याने तो लिव्हर डोळ्यांनी पाहून ‘कन्फर्म’ म्हणायचे. मान न वळवता, केवळ पाठ झालेल्या सुरात ते उत्तर आले, तर इन्स्ट्रक्टर सिम्युलेटर जागच्या जागी थांबवत आणि हात ठेवलेला तो लिव्हर कोणत्या इंजिनाचा आहे, एवढेच विचारत.

हा आग्रह का, याचे उत्तर सत्रानंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये मिळाले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशिया या तैवानी कंपनीच्या फ्लाइट २३५ मध्ये, म्हणजे एटीआर विमानातच, दोन क्रमांकाच्या इंजिनाचा प्रोपेलर फेदर झाला आणि कॉकपिटमधून बंद केले गेले ते व्यवस्थित चालू असलेले एक क्रमांकाचे इंजिन. ४३ जणांचा मृत्यू झाला. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे उतरत असलेल्या येती एअरलाइन्सच्या फ्लाइट ६९१ मध्ये, हेही एटीआर विमान, फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर (प्रोपेलर आणि इंधन नियंत्रित करणारे) फेदरवर नेले गेले आणि विमानातील सर्व ७२ जण दगावले. दुसऱ्या अपघातात लिव्हर हलवणारा हात मॉनिटरिंग करणाऱ्या वैमानिकाचा होता. हे दोन अपघात शेजारी शेजारी ठेवून शिकवल्यामुळे ‘कन्फर्म’ या शब्दाचे वजन आम्हाला जसे समजले, तसे ते कोणत्याही मॅन्युअलमधून समजले नसते.

ग्राउंड स्कूलबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. संगणकावरचे धडे सुबक आहेत, परंतु ते यंत्रणा सुट्या सुट्या शिकवतात. एटीआरमध्ये प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवर चालणाऱ्या जनरेटरमधून ‘एसी वाइल्ड’ ही बदलत्या फ्रीक्वेन्सीची वीज मिळते आणि प्रोपेलर, बाहेरच्या हवेची मोजणी करणारे काही प्रोब आणि पुढची काच यांचे हीटिंग, शिवाय हायड्रॉलिकचे मुख्य पंप तिच्यावर अवलंबून असतात. पंखांच्या कडांवरील बर्फ फोडणारे बूट मात्र इंजिनाच्या हवेवर चालतात. ही वीज गेली तर बर्फात काय उरते आणि काय जाते, हा प्रश्न वैमानिकाच्या खऱ्या उपयोगाचा आहे. धड्यांनंतरच्या चाचण्या त्याऐवजी पॅनेलवरील दिव्यांचे रंग विचारतात. सुदैवाने तोंडी परीक्षा घेणारे परीक्षक नेमके असेच जोडणारे प्रश्न विचारतात. त्यामुळे केवळ चाचण्यांच्या बळावर तेथवर गेलेल्यांची तारांबळ उडते.

माझी सर्वांत मोठी तक्रार जोडी लावण्याच्या पद्धतीविषयी आहे. दोन नवोदित को-पायलटांची जोडी लावली जाते आणि एक उजवीकडे शिकत असताना दुसरा डावीकडे, कॅप्टनच्या जागी बसतो. ज्या मॉनिटरिंगचे मी वर इतके कौतुक केले, त्याचा मोठा भाग अशा रीतीने चुकीच्या आसनावरून शिकला जातो. फ्लोचा, म्हणजे स्विच हाताळण्याचा ठरलेला क्रम आणि हातांच्या सवयी उलट्या होतात, आणि जमिनीवर नाकाचे चाक वळवणारा टिलर केवळ डावीकडेच असल्यामुळे को-पायलटने कधी न करायचे काम अंगवळणी पाडण्यात वेळ जातो. शेवटची काही सत्रे प्रत्यक्ष कॅप्टनसोबत झाली तेव्हा शिकण्याचा वेग एकदम वाढला. अशी सत्रे चेक राइडच्या तोंडावर न ठेवता बरीच आधी घ्यायला हवीत. सिम्युलेटरच्या वेळा मध्यरात्रीच्या असणे समजण्यासारखे आहे, कारण ते यंत्र दिवसरात्र चालते. परंतु आदल्या संध्याकाळी वेळ बदलून कळवणे आणि पहाटे दोनला नीट विचार करण्याची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

रुजू होताना कॉकपिटचा पूर्ण आकाराचा छापील पोस्टर मिळतो. तो गुंडाळून ठेवू नये. खोलीतील भिंतीवर खऱ्या उंचीला लावून, खुर्ची टाकून, कॉलआउट (ठरलेली वाक्ये) मोठ्याने म्हणत जोडीदारासह फ्लोचा सराव करावा. एकट्याने केलेला सराव बोटांना वळण लावतो, मात्र दुसऱ्याच्या बोलण्याची वाट पाहायला शिकवत नाही.

एकंदरीत, टर्बोप्रॉपवर कारकीर्द सुरू करू इच्छिणाऱ्या नवोदितास मी हे प्रशिक्षण निःसंकोच सुचवेन. एकट्याने अभ्यास करण्याची सवय असलेल्यांनी सहकाऱ्यांचा अभ्यासगट पहिल्याच आठवड्यात जमवावा. ऑफर स्वीकारण्यापूर्वी प्रशिक्षण विभागाला दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: कॅप्टनसोबतची सत्रे किती आणि केव्हा आहेत, आणि एखाद्या टप्प्यावर अडखळल्यास अतिरिक्त सत्र त्याच इन्स्ट्रक्टरकडे मिळते का. माझ्या तुकडीत ज्यांना ते त्याच इन्स्ट्रक्टरकडे मिळाले, त्यांची गाडी लवकर रुळावर आली.