ओरा-टू-पीजी: घ्यावंच, पण तपासून
लातूर-जालन्याकडच्या पतसंस्थेचा हिशेब ओरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर न्यायचा असेल, तर ओरा-टू-पीजी हे फुकटचं साधन जरूर घ्या. आधी त्यातला ‘शो रिपोर्ट’ हा आढावा, लागणाऱ्या कामाच्या अंदाजासह चालवा. अवघड फंक्शनं (डेटाबेसमध्ये साठवलेले छोटे प्रोग्राम) तिथंच कळतात. ओरॅकलच्या एनव्हीएलचं पोस्टग्रेसचं कोअलेस, डीकोडचं केस, असं आज्ञांचं रूपांतर नीट होतं.

खरी मेख रिकाम्या मजकुरात. ओरॅकल त्याला नल (‘माहितीच नाही’ अशी खूण) मानतं, पोस्टग्रेस मानत नाही. शिवाय दोन उभ्या रेघांनी (||) नावाचे भाग जोडताना वडिलांचं नाव नल असलं, की पोस्टग्रेसमध्ये सभासदाचं अख्खं नावच नल! तिथं नल वगळून जोडणारं कॉन्कॅट वापरा. फंक्शनमधलं कमिट (बदल कायम करायची आज्ञा) पोस्टग्रेसमध्ये चालत नाही; पोस्टग्रेसची आवृत्ती ११ किंवा पुढची असेल तर फंक्शनऐवजी प्रोसिजर करा.

फंक्शन तयार झालं म्हणजे चाललं असं नाही. आतली टेबलं पोस्टग्रेस चालवतानाच तपासतं, म्हणून ‘पीएलपीजीएसक्यूएल चेक’ हे चुका आधीच दाखवणारं एक्स्टेन्शन (जोड-साधन) सोबत टाकाच.