जिप्सीचा क्लच हायड्रॉलिक करायला गेलो आणि ३३,०५० रुपयांना बुडालो

आकडा आधीच सांगून टाकला. वाचताना "एवढं कसं कळलं नाही या माणसाला" असं मनात आलं, तर ते मी स्वतःला रोज म्हणतोय.

गाडी १९९८ ची जिप्सी, क्लच केबलवर. पेडल इतकं जड झालं होतं की कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या सिग्नलला डावा गुडघा बोलायचा. ओळखीच्या एकानं शिवाजी उद्यमनगरातला मिस्त्री सांगितला. "काका, केबलची कटकटच काढून टाकूया. हायड्रॉलिक बसिवतो, बोटानं दाबशीला." नवं किट पुण्याहून येणार, १५,५०० रुपये. त्यातले ९,००० आगाऊ, तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर. बिलाचं काढलं तर "जीएसटी पडंल की, कशाला उगच?" पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पण उद्यमनगरात निम्मे व्यवहार तोंडीच चालतात आणि मी काही परगावचा नाही, म्हणून गप्प बसलो.

किट आलं तेव्हा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबानं क्लच ढकलणारा खालचा भाग, मी स्वतः हातात घेतला होता. चकचकीत चंदेरी रंग. पण ब्लीडिंग निपलच्या, म्हणजे तेलातली हवा काढायच्या तोटीच्या, कडा पान्यानं खाल्लेल्या, आणि रंग पार आट्यांत उतरलेला. नव्या मालाच्या आट्यांत कोण रंग भरतो? मी त्यावरून अंगठा फिरवला. दिसलं, कळलं. आणि बोललो काय, तर "चहा सांगा." त्या चहाचा राग अजून जात नाही. रंगवलेला सुटा भाग दिसला की आधी रबरी बूट उलटा करून भेगा बघा, मग पैसे.

मजुरी ४,००० वेगळी. पहिल्याच दिवशी रिव्हर्स टाकताना खर्रर्र. "लायनीत हवा हाय, निघंल." तीनदा ब्लीडिंग झालं. मग "मास्टरचं वॉशर गेलंय" म्हणून आणखी १,८५०. मास्टर म्हणजे पेडलजवळचा, तेल ढकलणारा सिलिंडर. शेवटी त्यानं मास्टरचा पुशरॉड, म्हणजे पेडलकडून मास्टरला ढकलणारा दांडा, लांबवला, रिव्हर्स पडायला लागला, आणि मी खुशीनं वर दोनशे दिले. ते हिशोबात धरलेले नाहीत, लाज वाटते.

हवेचा संबंधच नव्हता. मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, पाच अष्टमांश इंच, आणि स्लेव्ह कुठल्यातरी मोठ्या गाडीचा, सात अष्टमांश. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे मास्टर २५ मिमी सरकला तर स्लेव्ह जेमतेम पावणेतेरा. क्लच सोडवणारा फोर्क पुरता ढकललाच जात नव्हता, मग क्लच सुटणार कसा? पेडल दाबायला लावून स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते पट्टीनं मोजायचं, दोन मिनिटांचं काम. मी पॉलिटेक्निक झालेला माणूस, मला सुचलं नाही. आणि पुशरॉड लांबवल्यावर पेडलचा मोकळा खेळ संपला. पेडल सोडलं तरी मास्टरमधलं तेल परत जायचं भोक झाकलेलंच राहायचं. तेल तापलं की दाब आत अडकणार आणि क्लचची प्लेट घसरणार.

घसरली ती वैभववाडीहून परत येताना, करूळ घाटात. इंजिन बोंबलतंय, गाडी हलत नाही, जळका वास. थांबलेल्या एका ट्रकवाल्यानं खाली वाकून निपल जरा सैल केला, तेलाची पिचकारी उडाली आणि गाडी हलली. "दाब अडकलाय ओ, कुणी केलंय हे?" त्याला दोन मिनिटांत कळलं! पण प्लेट तोवर जळली होती, पुढच्या चढाला गाडी पुन्हा बसली. गगनबावड्यावरून कोल्हापूर ५५ किलोमीटर, टोइंगचे ४,५००. प्लेट आणि प्रेशर प्लेट ७,२००, दुसऱ्या मिस्त्रीकडे.

पहिला म्हणाला, "घाटात क्लचवर पाय ठेवून चालवली असणार." नंतर फोन उचलणं बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "हद्द आमची नाही." दुसऱ्या ठाण्यात गेलो. तिथे तासभर बसवून, "बिल आहे का? नाही? मग दिवाणी मामला." यूपीआयचे स्क्रीनशॉट दाखवले तर म्हणे, "हे तर तुम्ही राजीखुशीनं पाठवलेत." मग चोर काय पावती फाडून चोरी करतो? स्लेव्ह पिशवीतून नेला होता, तो कुणी हातातसुद्धा घेतला नाही. वर एका साहेबानं ऐकवलं, "एवढ्या जुन्या गाडीवर खर्च कशाला करता?" तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्ज घेणारा जेवायला गेला होता, साडेचार वाजता.

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. आणि काढलेले जुने भाग घरी आणा. माझी केबल आणि तिचं ब्रॅकेट त्यानं "भंगारात गेलं" म्हणून सांगितलं होतं.

कारण आता गाडी परत केबलवर आणलीय. केबल ६४० रुपये, ब्रॅकेट नव्यानं करून घेतलं ९०० ला. दुसऱ्या मिस्त्रीनं फोर्कच्या शाफ्टला ग्रीस लावलं. पेडल हलकं आहे. आधीही एवढंच करायचं होतं.