दोन टायर उलटे बसवले होते, आणि मी दर रविवारी ते धूत होतो

माझ्या गाडीच्या मागच्या दोन्ही टायरवर, बाहेरून दिसेल अशा बाजूला, चांगल्या बोटभर अक्षरांत 'इनसाइड' असं लिहिलेलं होतं. म्हणजे 'ही बाजू आत'. दोन महिने दर रविवारी मी त्या अक्षरांवरून स्पंज फिरवला. आतली बाजू मला बाहेरून दिसतेय कशी, हे एकदाही डोक्यात आलं नाही. मी काही अगदी नवखा गिऱ्हाईक नव्हतो. आपल्याला यातलं थोडंफार कळतं असं मला वाटत होतं आणि तेच नडलं.

गाडी घरचीच, चार दारांची. मागे मुलीची सीट, डिकीत सदानकदा कुणाचं तरी सामान. पण इंजिन टर्बो पेट्रोल आणि त्याचं रिमॅप करून घेतलेलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली. १५० हॉर्सपॉवरची गाडी १९० च्या आसपास गेलेली, स्प्रिंगा बदलून ३० मिलिमीटर खाली बसवलेली. दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जोरात पडला की पुढची चाकं जागेवर फिरायची आणि ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकायचा. अशा गाडीला टायर घेताना माणूस जास्तच डोकं लावतो. मीही लावलं. मूळ साइज २२५/४५ आर १७, यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. त्याऐवजी २३५/४५ घ्यावा का, यावर मी पंधरा दिवस घालवले. २२५ चा बाहेरचा व्यास ६३४ मिलिमीटर येतो, २३५ चा ६४३. म्हणजे स्पीडोमीटर साधारण दीड टक्क्याने मागे दाखवणार. शेवटी मूळ साइजच ठेवायचं ठरवलं. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती सावकाश झिजतो ते सांगणारा आकडाही बघितला. ५०० च्या घरातला टायर जास्त टिकतो खरा, पण मला पकड हवी होती, म्हणून ३०० च्या जवळपासचा निवडला. (हा आकडा कंपनी स्वतःच आपल्या टायरला देते, त्यामुळे एका कंपनीचा दुसरीच्या आकड्याशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. हेही मला तेव्हा ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा काय उपयोग झाला ते पुढे कळेलच.)

दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने आधी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनकडे बघून म्हणाला, "साहेब, अशी गाडी महिन्यातून एखादीच येते आमच्याकडे." मग टॉर्च घेऊन पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवर मारली. तिथली नक्षी पार गुळगुळीत, एका ठिकाणी तर आतली तार दिसायला लागलेली. "एवढी पॉवर साध्या टायरला झेपत नाही साहेब. चारही बदला. दोनच बदलले तर गाडीचा बॅलन्स जाईल." पॉवरचं नाव काढल्यावर मला बरं वाटलं, हे कबूल करतो. टायर फक्त आतल्याच कडेला का झिजला, हा प्रश्न विचारायचं राहून गेलं.

मग त्याने जे केलं ते खरोखर मुरलेल्या माणसाचं काम. मी काही विचारायच्या आधीच त्याने एक टायर माझ्यापुढे आडवा टाकला आणि मला तारीख वाचायला शिकवली. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. "वाचा साहेब, तुम्हीच वाचा." मी वाचलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वीचा माल. टायरवरचे रबराचे बारीक केस तसेच उभे, नक्षीवर कारखान्याच्या रंगीत रेघा. त्याच्याखालीच साइजपुढे ९४ डब्ल्यू, माझ्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तेच. म्हणजे एका टायरला ६७० किलो वजन आणि ताशी २७० किलोमीटर वेग झेपणारा. आता जो माणूस स्वतःहून तारीख दाखवतो, तो फसवेल कसा? मी चहा घ्यायला बाहेर पडलो. परत आलो तोवर चारही चाकं चढली होती, वर काळं पॉलिश मारून चकचकीत केलेली. जुने टायर कुठे गेले म्हणून विचारलं, तर म्हणाला, "भंगारात जातात, आम्हीच विल्हेवाट लावतो." म्हटलं, बरं झालं, घरी नेऊन ठेवायची कटकट वाचली.

निघताना एक सूचनाही दिली. "पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा. नवीन टायर जरा घसरतो." यात खोटं काही नाही. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या रसायनाचा थर नव्या रबरावर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड कमी राहते. पण याच वाक्याने पुढचे दोन महिने माझं तोंड बंद ठेवलं. मागचं चाक कधी निसटल्यासारखं वाटलं की मी स्वतःलाच समजवायचो, अजून टायर रुळले नसतील. मीटर दीड हजारावर गेला तरी माझं समजवणं चालूच.

मग पाऊस आला. रस्ता ओला, साधं वळण, वेग साठच्या आत. मागे आई आणि मुलगी. वळणाच्या मध्यावर समोरचा हळू झाला म्हणून मी पाय उचलला आणि गाडीचं मागचं अंग बाहेरच्या बाजूला निघालं. पुढची चाकं घट्ट धरून होती, मागची दोन जणू साबणावर होती. ईएसपीने, म्हणजे घसरती गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेने, एका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ केली, सगळा प्रकार दोन सेकंदांचा. मुलीला गंमत वाटली. आईने समोरच्या सीटची पाठ धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका गॅरेजमध्ये अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ बसली आहेत का ते तपासून घ्यायला, गेलो. लिफ्टवर गाडी घेतल्यावर तिथला पोरगा खाली गेला, टॉर्च मारली आणि हाक मारली, "जरा इकडे या." मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला 'आउटसाइड' लिहिलेलं. त्याच्या शेजारी ती लांबट चौकट आणि त्यात २३१८. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मी टायर घेतले २०२४ मध्ये. उजवीकडचाही त्याच सालचा, फक्त आठवडा वेगळा. साइजपुढे ९४ डब्ल्यू नव्हे, ९१ व्ही. नाव तेच, नक्षी तीच, पण वजन ६१५ किलो आणि वेग २४०. मागच्या दोन्ही चाकांवर मिळून ११० किलोची ताकद कमी, आणि मागेच तर माणसं नि सामान.

हे टायर असिमेट्रिक, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्याची नक्षी वेगळी. बाहेरचे ठोकळे मोठे आणि घट्ट असतात, वळणावर भार घेतात. आतल्या बाजूच्या खाचा पाणी बाहेर काढतात. उलटे बसवले की दोघांनीही एकमेकांचं काम करायचं. आणि उलटे कशासाठी, तर तारखेसाठी. चार आकडी तारखेसह पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो असं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या बाजूला अर्धाच कोड, तारीख गायब. ती बाजू बाहेर आली की मालकाने गुडघ्यावर बसून वाचलं तरी साल सापडत नाही. ताजे दोन पुढे आणि जुने दोन मागे, हेही उगीच नव्हतं. स्टिअरिंग वळवलं की पुढचं चाक बाहेर येऊन दिसतं, मागच्याच्या आत कोण वाकून बघतो?

शिवाय चांगले टायर पुढे आणि वाईट मागे ही मांडणी ओल्यात सगळ्यात धोक्याची. इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून चांगला जोड पुढेच हवा, असं माझ्यासकट पुष्कळांना वाटतं. पण पुढचं घसरलं तर गाडी सरळ जाते, पाय उचलता येतो, थोडं सावरायला जमतं. मागचं घसरलं तर गाडी स्वतःभोवती फिरायला बघते आणि साध्या माणसाच्या हातात काही उरत नाही. दोनच टायर नवे घेतले तर ते मागे टाकावेत, हे टायरवाले स्वतःच सांगतात, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो.

त्या पोराने एक टायर रिमवरून उतरवला. बीडवर, म्हणजे रिमला चिकटणाऱ्या कडेवर, आधीच्या रिमचा घासल्याचा पट्टा. आतून एक पंक्चरचा पॅच. म्हणजे नुसता पडून राहिलेला माल नव्हे, तो चक्क वापरलेला होता. नक्षीची खोली पुढे साडेसात मिलिमीटर, मागे सहा. डोळ्याला हा फरक कळत नाही, त्यात वरून पॉलिश. खाचेत नख दाबलं तर पुढच्या रबरात ते जरासं रुतत होतं, मागच्यावरून निसटत होतं.

टायर दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने एकदा बघितलं आणि म्हणाला, "हे आमचे नाहीत." बिल काढलं. त्यावर 'टायर ४ नग' एवढंच. साइज नाही, कोड नाही, ९४ नाही, डब्ल्यू नाही. वॉरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख, कोडची जागा कोरी. माझ्याकडे एकही फोटो नाही. मी आवाज चढवला तसा तो शांतपणे म्हणाला, "आणि तुमची गाडी रिमॅप केलेली आहे ना? तसल्या गाडीला वॉरंटी लागूच होत नाही." जिच्यासाठी बॉनेट उघडून माझं कौतुक केलं होतं, तीच गोष्ट माझ्या विरोधात वापरली. ग्राहक तक्रारीचं बघितलं, पण हे टायर त्यानेच बसवले हे सिद्ध करायला हातात काय, तर चार नगांचं बिल.

त्यानंतर दोन टायर पुन्हा घेतले, तिसऱ्या ठिकाणी. या वेळी रिमवर चढायच्या आधी दोन्ही जमिनीवर टाकायला लावले, दोन्ही बाजूंनी वाचले, बीडवरून बोट फिरवलं, आत टॉर्च मारली, कोडचे फोटो काढले आणि बिलावर साइज, ९४ डब्ल्यू आणि दोन्ही पूर्ण कोड लिहून घेतले. दुकानातल्या माणसाने एकदा सुस्कारा सोडला, पण लिहून दिलं. जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. बसवताना तिथेच उभे राहा, चहा नंतर होतो. गाडी खाली आल्यावर चारही चाकांवर बाहेरून 'आउटसाइड' दिसतंय का ते बघा. तुमचे टायर असिमेट्रिक नसून बाणवाले असतील, तर बाण पुढे जाण्याच्या दिशेने हवा. अशा टायरमध्ये एका अंगाला तारीख आत जाऊ शकते आणि त्यात फसवणूक असेलच असं नाही, म्हणून तर चढवायच्या आधी वाचायचं.

राहिली ती आतली झिजलेली कड. अलाइनमेंटचा कागद हातात आला तेव्हा तीही कळली. गाडी खाली घेतल्यानंतर मी अलाइनमेंट करूनच घेतली नव्हती. पुढची चाकं बाहेरच्या दिशेला फाकलेली, म्हणून आतली कड घासून तार दिसेपर्यंत गेली. पॉवरचा त्यात फारसा संबंध नव्हता. मागचे माझे जुने टायर सरळ झिजत होते. आदल्या सर्व्हिसच्या कागदावर त्यांची खोली लिहिलेली सापडली, पाच मिलिमीटर. २०२२ चे होते, ९४ डब्ल्यू होते, पंक्चर एकही नाही. ते मी त्याला भंगारात म्हणून फुकट देऊन आलो होतो.