बेळगावात गणपत गल्लीच्या बाजाराला जायचं तर सायकल, बस की कार?

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठूनही निघा, गणपत गल्ली पाच किलोमीटरच्या आतच. एवढ्याला बिनगियरची सायकल पहिली, सिटी बस दुसरी. कार तिसरी, तीही बरीच मागं.

पण सायकल कुठली? दुकानदार आधी दाखवतो ती जाड टायरची, डिस्क ब्रेकची, एकवीस गियरची. दिसायला झकास, पण आपल्या पावसाळ्यात तिचे हाल होतात. तांबडा चिखल चेनमध्ये आणि मागच्या दात्यांत बसतो, गियर अडखळतात, आणि मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो. त्यापेक्षा मडगार्ड, पूर्ण चेनकव्हर, कॅरियर असलेली साधी घ्या. रिम मात्र ॲल्युमिनियमचीच मागा. क्रोम केलेली लोखंडी रिम भिजली की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, आणि हे कपिलेश्वर पुलाच्या उतारावर कळून उपयोग नाही.

पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर हवी. बहुतेक जण ती खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलला नावं ठेवतात. चेन मधोमध दाबून अर्धा इंच हलली की बरोबर. हवा टायरच्या कडेला छापलेली असते तेवढी भरा. कमी हवेत खड्डा आदळला की ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. रोज सकाळी टायर बसलेला असतो पण पंक्चर सापडत नाही, असं झालं तर व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर आतली रबरी नळी चिरली आहे. नळी काही रुपयांत मिळते. ट्यूबच बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

सिटी बस वायव्य कर्नाटक परिवहनची. ५ जानेवारी २०२५ पासून भाडं १५ टक्क्यांनी वाढलं, तरी एकट्या माणसाला पेट्रोलपेक्षा स्वस्तच. बायकांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास फुकट. तरी शून्य रुपयाचं तिकीट घ्यावंच लागतं आणि ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता लागतो. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजच्या लेकी इकडं सुना म्हणून येतात, पण आधारवर पत्ता माहेरचाच राहतो. तो बदलेपर्यंत पूर्ण तिकीट. गर्दी मात्र तेव्हापासून चांगलीच वाढली आहे. खेड्याकडं जाणाऱ्यांनी शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला आधीच विचारून ठेवावी.

कार पावसात, आजारी माणसाला न्यायला किंवा चौघांनी खानापूरला जायला ठीक. दोन-तीन किलोमीटरला इंजिन गरम व्हायच्या आत बाजार येतो. मायलेज पडतं, बॅटरी पुरती चार्ज होत नाही, शिवाय गल्लीत लावायला जागा नाही. कोल्हापूरकडची एमएच-०९ पासिंगची जुनी गाडी घेणार असाल तर एवढं बघा: बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडं ठेवायची असेल तर बेळगावचा केए-२२ नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागते. तिच्या फॉर्म २८ वर मालकाची सही पैसे देतानाच घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.