डिझेल इंजिनांचं फोटोबुक मागवताय? आधी वजनाचा हिशेब करा

जाहिरात अशी होती: मध्य रेल्वेची डिझेल इंजिनं, ए-४ आकार, १६० पानं, १५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर, पुठ्ठ्याची पक्की बांधणी, आगाऊ नोंदणीला १,८५० रुपये. नमुन्याची सहा पानं, सहाही झकास. तीन महिन्यांनी पुस्तक आलंही. खरी मेख इथेच आहे. माल पोचलेला असतो, त्यामुळे विक्रेता निर्धास्त, आणि तक्रार करणारा उगाच कटकट्या ठरतो.

कुरियरच्या पावतीवर वजन होतं ४८० ग्रॅम. ए-४ कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर, १६० पानांचे कागद ८०. म्हणजे १५० जीएसएमच्या नुसत्या आतल्या कागदाचंच वजन ७५० ग्रॅम भरतं. पुठ्ठा धरला की किलोच्या आसपास. ४८० ग्रॅममध्ये बसतो तो फार तर ८० जीएसएमचा साधा कागद. मागच्या पानावरचं इंजिन पुढच्या पानावरच्या आभाळात दिसतं ते त्यामुळेच. शिवण नाही, पाठीला फक्त गोंद. दोन पानांवर पसरलेला फोटो बघायला पुस्तक सपाट उघडलं की पानं हातात.

फोटो चोरीचे. इंटरनेटवरचा १०२४ पिक्सेल रुंदीचा फोटो आडव्या ए-४ पानावर ताणला की इंचाला जेमतेम ८८ पिक्सेल उरतात; चांगल्या छपाईला ३०० लागतात. काही फोटोंवर बारीक जाळी दिसते, ते आधी छापलेल्या पानावरून स्कॅन केलेले. आणि बऱ्याच फोटोंत चाकंच नाहीत! रेल्वेचा फोटो काढणारा माणूस चाकं कापत नाही. खालच्या कोपऱ्यातलं छायाचित्रकाराचं नाव घालवण्यासाठी अख्खा पट्टा कापलेला असतो.

काही फोटो आरशातल्यासारखे उलटवलेले, इंटरनेटवर मूळ फोटो सहज सापडू नये म्हणून. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडून धावते. एकामागून एक पानांवर ती उजवीकडून यायला लागली आणि इंजिनाचा नंबर नेमका धूसर असला, की समजून जा.

फोटोंखालच्या ओळी वाचताना तर हसावं की रडावं कळत नाही. ‘पानवल पूल, डब्ल्यूडीएम-२, १९८८’. हा पूल कोकण रेल्वेवरचा, आणि तिचं महामंडळच १९९० चं! ‘डब्ल्यूडीजी-४, १९९६’, पण ही इंजिनं भारतात आली १९९९ मध्ये. ‘वायडीएम-४, पुणे, १९८५’ हे तर मीटर गेजचं इंजिन, आणि पुणे-मिरज मार्ग त्याआधीच ब्रॉड गेज झालेला. एका अल्को (अमेरिकन कंपनी) बनावटीच्या इंजिनाच्या नंबरामागे ‘आर’ आहे, म्हणजे इंजिन पुन्हा बांधलेलं. खाली साल १९७४. ते काम पतियाळाच्या कारखान्यात होई, त्याची पायाभरणीच १९८१ ची. एखादं साल चुकणं समजू शकतं, चांगल्या पुस्तकांतही चुकतं. इथे ओळी लिहिणाऱ्याने फोटोकडे पाहिलेलंच नाही.

नमुन्याची पानं विक्रेत्याने निवडलेली असतात, म्हणून पान आपण निवडायचं: ‘पान ४३ आणि ११८ चा फोटो पाठवा, पुस्तक तराजूवर ठेवून वजनाचाही.’ पुस्तक छापून तयार असेल तर हे पाच मिनिटांचं काम. छायाचित्रकारांची नावं मागा आणि त्यांतल्या एकाला थेट विचारा. आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकावर, भिस्त ठेवू नका. भारतात तो प्रकाशकाला फुकट मिळतो, त्याने छपाईची हमी मिळत नाही. ‘पुस्तकाला जीएसटी नाही, म्हणून बिल नाही’ हेही ऐकायला मिळतं. छापील पुस्तकाला जीएसटी नाही हे खरं, पण बिल न देण्याचं ते कारण नव्हे. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर मागितले तर बिल हातात आल्याशिवाय पाठवू नका.

पुस्तक घेऊन बसलाच असाल, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पार्सल फोडतानाचा व्हिडिओ आणि वजनाची पावती जपून ठेवा. वर्णनाप्रमाणे माल नसल्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. पुस्तक आलंच नाही आणि विक्रेता गायब झाला, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. चोरलेल्या फोटोचा मूळ मालक सापडला तर त्यालाही कळवा. कॉपीराइटची तक्रार त्याने केली, तर विक्रेत्याला ती पैसे परत मागण्यापेक्षा जड जाते.