धूर सोडून गळती पकडणारं एडिसन गावातलं (न्यू जर्सी) गॅरेज

माझ्या गाडीचा 'चेक इंजिन'चा दिवा विझवला की काही दिवसांत पुन्हा हजर. बिघाडाचा कोड तोच, पी ०४५६. म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत बारीक गळती; अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पुरतं. शोरूमवाल्यांनी आधी टाकीचं झाकण बदललं, मग पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप), आणि दोन्ही वेळा बिल लावून मोकळे झाले. दिवा चालू असला की न्यू जर्सीत इन्स्पेक्शनमध्ये गाडी नापास, हा ताप वेगळाच.

इथल्या मेकॅनिकने आधी एकही पार्ट मागवला नाही. स्कॅनरवरून व्हेंट व्हॉल्व्ह (यंत्रणेची बाहेरच्या हवेकडे उघडणारी झडप) बंद केला, आत अगदी कमी दाबाने धूर सोडला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. कॅनिस्टरच्या, म्हणजे पेट्रोलची वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याच्या, पाइपच्या जोडातून केसाएवढी पांढरी रेघ निघत होती. आवाजासाठी बसवलेला माझा जाडजूड एक्झॉस्ट तिथूनच जातो (बायकोला हे सांगितलेलं नाही). त्याच्या धगीने रबरी रिंग कडक होऊन चिरलेली. रिंग मिळते चिल्लर पैशांत. खरा खर्च तपासणीचा, आणि तो वाजवी.

मेकॅनिकने पंपवाल्यालाही बजावायला सांगितलं: नोझल 'टक' झालं की बस. न्यू जर्सीत पेट्रोल पंपवालाच भरतो, आणि हिशोब राउंड करायला वर थोडं ओततो. ते कॅनिस्टरमध्ये शिरलं की कोळसा बाद.

अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, बसायला धड खुर्ची नाही, फोन कुणी उचलत नाही. एक स्टार त्याचा कापला. इन्स्पेक्शनला जाण्याआधी टाकी अर्धी ठेवून सकाळी थंड इंजिनवर गाडी काढा, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर गळतीची जी चाचणी स्वतःच घेतो, ती पुरी व्हायला मदत होते.